सोनाई अजून पाण्यातच हाय

म्हाळ्या, तू गेलास ते गेलास. पण जाताना त्या बाईला कमरंएवढ्या पाण्यात उभी करून गेलास, हे काय बरं केलं न्हाईस.

तेराव्याला समदे तुझ्याविषयी गोड गोड बोलले. देवमाणूस व्हता म्हणं, मुंगीला कधी दुखवलं न्हाय. मी मनात म्हणलं, मुंगीचं सोडा, मला ह्यानं जल्मभर रडवलंय. लहानपणी माझी भाकर खाऊन कुत्र्याचं नाव सांगायचा. पण तोंडानं काय बोललो न्हाय, कारण तिथं वैनी बसल्या व्हत्या, भितीला टेकून, आन त्यांच्या मांडीवर तुझं घोंगडं व्हतं. गेलेल्या माणसाचं पांघरूण देऊन टाकायची रीत हाय, पण त्यांच्याकडनं ते मागायची कुणाची छाती झाली न्हाय.

मी आपला एकच इचार करत बसलो. सोनाईला आता कोण काढणार?

दुसऱ्या कुणाला वाटंल कोण ही सोनाई, कुठल्या गावची. आपल्या ओवीतली बाई ती. तिला कुणी बघितलेलं न्हाय, पण तामलवाडीच्या आपल्या वस्तीवर ती घरोघरी वळखीची. दुष्काळ पडतो, नवरा चाऱ्याच्या शोधात पुढं जातो, त्याचा काय पत्ता लागत न्हाय, आन ही एकटी बाई मेंढरं हाकत त्याच्या मागनं निघती. खांद्यावर एक लंगडं कोकरू. तेरणा कोरडी दिसली म्हणून पात्रात उतरती, तर वरच्या अंगाला पाऊस झालेला, मधीच पाणी येतं. थोरल्या तात्यांनी, म्हंजे तुझ्या बानं, ही ओवी त्यांच्या बाकडनं घेतली आन तुला दिली. मी त्यांचा पुतण्या, मला झांज दिली. तू पुढं म्हणणारा, मी मागं झील धरणारा. तू ओळ टाकायची, मी तिचं शेपूट धरून ते पुन्यांदा म्हणायचं, आन तेवढ्या वेळात तू दम खाऊन पुढची ओळ आणायची. असं आपलं कैक वरसं चाललं.

आन तात्यांचा एकच नियम व्हता, आठवतो का? वाटंवरच्या माणसाला वाटंवर ठेवून ओवी सोडायची न्हाय. थांबायचंच असंल तर आधी त्याला कुठंतरी टेकवायचं, झाडाखाली, देवळात, कुणाच्या तरी वसरीत, आन मग आपण उठायचं. एकदा ओवी रंगात आली आन वरनं गारा पडाय लागल्या. माणसं उठून पळाली. आपण दोघं झांजा टाकून पळालो. तात्या मात्र बसले. टक्कुऱ्यावर गारा घेत त्यांनी एका ओळीत सोनाईला लिंबाखाली बसवली, तिच्या डोस्क्यावर पदर दिला, आन मगच घोंगडं उचललं. टेंगूळ आलं व्हतं म्हाताऱ्याला. तू म्हणलास, "तात्या, ती काय खरी हाय का भिजायला?" तर तात्या म्हणले, "मी उठल्यावर तिला माझ्याबिगर कोण हाय रं?"

तेच तात्या. त्यांच्याच पोटचा तू.

राणीनं काढलं ते खूळ. तुझी लेक पुण्याला नोकरीला गेली तवापासनं तिला आपल्या गोष्टी लई भारी वाटाय लागल्या. इथं व्हती तवा मेंढराच्या वासानं नाक धरायची. तिचाच फोन, "अप्पा, नळदुर्गच्या अलीकडं तळ्याकाठी गाण्याचा महोत्सव हाय. सव्वीस जानेवारीला जोडून शनवार-रविवार आलाय. लोकं तंबूत ऱ्हात्यात आन तीन दिस गाणी ऐकत्यात. तुमचं नाव दिलंय. सिद्राकाकालाबी घ्या." मी शाळेत शिपाई, मला सुट्टीच व्हती. तू मेंढरं वैनीच्या हवाली केलीस, आन एसटीत बसल्यापासनं उतरंपातूर मेंढरांच्याच नावानं हुरहुरलास.

तिथं जाऊन बघतो तर माळावर ही तंबूंची रांग. निळे, लाल, हिरवे, एकेकाला चेन लावलेली, बॅगंला असती तशी. तू कमरंवर हात ठेवून उभा ऱ्हायलास आन मला म्हणलास, "सिद्या, आपला आजा पालात जल्मला आन पालातच मेला. तो आज असता तर म्हणला असता, आरं आरं, एवढ्या लोकांची घरं जळाली का काय?" मला हसू आवरंना. शेजारच्या तंबूतली लातूरची नवराबायको आपल्याकडं बघाय लागली.

आन मग तुझी ती शायनिंग. तंबू ठोकायला माणूस आला, तर तू त्याला परत पाठवलास. "आमाला शिकवता व्हय? आमची सात पिढी पालात गेली." खुंट्या बाजूला फेकल्यास, वाऱ्याकडं तोंड का पाठ ते बघितलंस, चार दगडं ठेवलीस आन मिशीवर हात फिरवलास. आपल्या पालाला घोंगड्याचं वजन असतं, हा तंबू प्लास्टिकचा, हे तुझ्या ध्यानातच आलं न्हाय. दुपारी वारं सुटलं. समद्यांचे तंबू जाग्यावर, आपला तेवढा उठला, माळावरनं लोळत गेला आन थेट भज्याच्या गाड्यावर जाऊन बसला. भजीवाला झारा घेऊन धावला. तू म्होरं, मी मागं, धोतराचा सोगा धरून. सात पिढ्यांची अब्रू त्या माळावर गेली बघ. त्या लातूरच्या जोडप्यानंच मग आपला तंबू ठोकून दिला, आन तू स्वताचे कान धरून त्यांना म्हणलास, "आजपास्नं तुमीच धनगर." तुझ्यासंगं असं हसलेलं आता घडीघडी आठवतं. हसणं कुठं संपतं आन रडणं कुठं लागतं, समजत न्हाय.

गळ्यात घालायला एक कार्ड दिलं व्हतं. लाल फितीचं. त्यावर लिवलेलं, कलाकार. माझं म्या खिशात ठेवलं. तू ते गळ्यातनं काढलंच न्हाईस. आंघुळीलाबी न्हाय. सकाळी तळ्याकाठी चा पीत बसलो व्हतो, तवा तू ते कार्ड बोटानं फिरवत म्हणलास, "सिद्या, काल आल्यापासनं मला इथं कुणी ए मेंढरंवाल्या म्हणून हाक मारली न्हाय." एवढंच म्हणलास, आन चा संपवलास. तवा मला वाटलं गंमत करतुयास.

शनवारी उन्हं कलल्यावर आपली पाळी आली. म्होरं हजारभर माणूस असंल, समदे गवतावर पसरलेले, कुणी खातंय, कुणी फोटू काढतंय. मला घाम फुटला. तू घोंगडं खांद्यावर घेतलंस, डोळे मिटलेस आन पहिली ओळ टाकलीस. आरं काय लावला व्हता आवाज. तात्यांचा आवाज व्हता त्यो. दहाव्या-बाराव्या ओळीला माणसं बसती झाली. सोनाई घर सोडून निघाली तवा म्होरच्या एका बाईनं खाता खाता हात थांबवला. मेंढरं नदीत उतरली, तवा सगळ्या माळावर चिटपाखरू बोलत नव्हतं. मी तुझ्या मागं झील धरून व्हतो, आन मला वाटलं, एवढ्यासाठीच जल्म झाला आपला.

तेवढ्यात कडंला ती वाकीटाकीवाली बाई, जिच्याकडं सगळा कारभार व्हता, तिनं हात वर केला. वेळ संपली. मागं दुसऱ्या पार्टीचे मोठाले ढोल येऊन थांबलेले. तू ओळ टाकलीस:

कमरंएवढं पाणी आलं, पाणी आलं तेरणंला

म्या झील दिली, पाणी आलं तेरणंला. आन थांबलो. मला वाटलं आता तू तिला बसवणार. नदीत झाड नसलं म्हणून काय झालं, तात्यांनी खडक काढला असता. पण तू हात जोडलेस. हसलास. "राम राम मंडळी! पुढचं पुढच्या साली!"

माळ नुसता पेटला. लोकं उभी ऱ्हायली, वरडाय लागली, "पुढं काय झालं? निघाली का ती?" तू वाकून वाकून नमस्कार करत उतरलास आन मी तुझ्या मागनं.

"म्हाळ्या, बाई पाण्यात हाय," म्या म्हणलं.

"हाय की."

"तात्यांनी काय सांगितलं व्हतं?"

"तात्यांच्या टायमाला टीव्ही व्हता का? ह्या शिरेलवाल्यांकडं बघ जरा. बाईच्या गळ्याला सुरी लावत्यात आन दोन दिस तशीच ठेवत्यात. समदा गाव सोमवारी टीव्हीम्होरं हजर. आज पुरी केली असती तर टाळ्या वाजवून इसरली असती ही लोकं. आता बोलावत्यात का न्हाय बघ."

"आन तवर ती?"

"भिजंल जरा."

वस्तीवर आलो तर बायामाणसं गोळा झाली, म्हणली म्हाळाप्पा, आमाला तरी पुरी करून दाखव, दरवेळी नदीपाशीच आमचा डोळा लागतो. तू कार्ड दाखवलंस. "कलाकार हाय मी आता. तिकीट काढून तिथं या." मेंढरामागंबी तू ते कार्ड घालून जायचास. वैनी डोस्क्याला हात लावायच्या. "भावजी, ह्यास्नी काय झालंय वो? मेंढरास्नी काय वाचता येतंय व्हय?"

पाडव्याला म्या सोनाईचं काढलं, यात्रंत काढलं, पेरणीच्या येळंला काढलं. आपलं बोलणंच ते झालं व्हतं. लांबनं तू दिसलास की मी वरडायचो, "सोनाई?" आन तू काठी वर करून वरडायचास, "भिजतीया!"

त्या दिशी सकाळीबी तसंच वरडलो. शाळंच्या वाटंवर व्हतो. तू वढ्याच्या बाजूला, मेंढरं पाणी पीत व्हती. "सोनाई?" तू काठी वर केलीस. बोलला न्हाईस काय. म्या सायकल पुढं मारली. दुपारी शाळंत निरोप आला. मेंढरं तशीच उभी व्हती म्हणं, आन तू बांधाला टेकून, झोपल्यावानी. काठी वर केली तवा तुला काय व्हत व्हतं, मला आजपातूर कळलं न्हाय. कळून तरी काय करणार?

तेराव्याला जेवणं झाल्यावर म्हातारी माणसं माझ्याकडं वळली. "सिद्राम, आता तूच म्हण. जल्मभर त्याच्या मांडीला मांडी लावून बसलास." आन वैनी, ज्या त्या दिवसापासनं कुणासंगं धड बोलल्या नव्हत्या, त्या म्हणल्या, "भावजी, तेवढं पुरं करा. त्यांचा जीव तिथंच अडकलाय. त्यास्नी मोकळं करा."

न्हाय कसं म्हणू, सांग? व्हय म्हणलो.

आन मग मला कळलं, म्हाळ्या. झांज घेऊन एकटा वढ्याकाठी जाऊन बसलो, डोळं मिटलं, आन मला ओवी येत न्हाय.

ओवी येत न्हाय मला! एवढी वरसं शेजारी बसून. लोकांना हे खरं वाटत न्हाय, वैनीला तर न्हाईच न्हाय. पण झीलकऱ्याचं काम काय असतंय, तुला तर ठावं हाय. त्याचा कान ओळीच्या शेपटाकडं. पुढनं काय येतंय, कुणाचं काय झालं, हे त्यानं बघत बसलं तर झील चुकती. तात्यांनी पहिल्या दिशी माझा कान पिळून सांगितलेलं, "तू गोष्ट ऐकायची न्हाय, तू आवाज ऐकायचा." तेच केलं म्या. इमानानं केलं. नदीपातूरचं वस्तीवरची पोरंबी सांगत्यात, कारण ओवी रातची असती, तिथपातूर समदी जागी असत्यात. त्याच्या पुढं जागं कोण? तू आन मी. आन मी तर शेपटं धरत व्हतो.

शेपटं समदी हायत माझ्याकडं. हाक दिली धन्याला. कोकरू दिलं आईला. दिवा लागला घराला. शेंदूर लागला दगडाला. ही म्या गळा फोडून म्हणलेली हायत. पण हाक कवा दिली? पाण्यातनं का काठावरनं? दिवा लागला तो कुणाच्या घराला, ती घरी पोचली म्हणून, का ती न्हाय पोचली म्हणून? आन तो शेंदूर? नदीकाठच्या दगडाला शेंदूर लागतो तो तिथं कुणी बुडालं की, हे मेंढरामागच्या माणसाला सांगाय लागत न्हाय. का तिनं स्वताच लावला, नवस फेडायला? इचार करून करून टक्कुरं फुटायची पाळी आली. ती जगली का मेली तेवढंसुदीक मला म्हायती न्हाय.

मग म्हणलं, मरू दे, तात्यांनी केलं तसं करू. एका ओळीत तिला खडकावर बसवू. ओळ जुळवली, पायाला लागला खडक, खडक लागला पायाला. आवाज लावला. ओळ टाकली आन सवयीनं थांबलो.

झील कोण देणार?

वढा वाहत व्हता आपला. म्या मग झीलबी माझी मीच दिली, आन दम लागला, आन पुढची ओळ काय सुचंना. तसाच उठून घरी आलो. दुसऱ्या दिशीबी गेलो, तिसऱ्याबी. आता जात न्हाय.

राणीकडं त्या दिवसाचा व्हिडिओ हाय. तिनं वैनीला फोनवर लावून दाखवला. वैनी तुझं तोंड बघत ऱ्हायल्या, ओवी काय त्यांच्या कानात गेली नसंल. शेवटी तू हात जोडतोस, हसतोस, आन तिथंच ते बंद पडतंय. वैनी म्हणल्या, "एवढंच?" राणी म्हणली, "एवढंच हाय आई." तुझं ते कार्ड अजून खुंटीला हाय, दावणीच्या दोरखंडाशेजारी. कुणी काढलं न्हाय.

मी लई भांडलो तुझ्यासंगं मनातल्या मनात. पण खरं सांगू का? त्या कार्डाचं मला आता कळतंय. पन्नास वरसं माणूस मेंढरामागं फिरला, हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, ज्याच्या त्याच्या बांधावरनं हाकलला गेला, आन एका सुट्टीत हजार माणसांनी उभं ऱ्हाऊन इचारलं, पुढं काय झालं? तुला ते पुन्यांदा पायजे व्हतं. एवढंच. त्यात तुझं काय चुकलं, असं कधी कधी वाटतं. आन मग सोनाई आठवती, आन पुन्यांदा तुझा राग येतो. तुझ्यामुळं मी ते तीन दिस बघितले, ती माणसं गप झालेली बघितली. त्याचं म्या तुला कधी काय बोललो न्हाय. आपल्यात तशी रीतच न्हाय. तिथं तळ्याकाठी बोलाय पायजे व्हतं, तर मी म्हणलो, चा गार व्हतोय.

काल त्या वाकीटाकीवाल्या बाईचा फोन आला. तुझा फोन लागंना म्हणून राणीकडनं माझा नंबर घेतला. राणीनं तिला काय सांगितलं नव्हतं, सांगणं तिला जमलं नसंल. बाई मोठ्या खुशीत. "काका, यंदाही सव्वीस जानेवारीला जोडूनच घेतोय. लोक आत्तापासून विचारतायत, त्या सोनाईचं पुढे काय झालं. म्हाळाप्पांना सांगा, यंदा वेळेची काही अडचण नाही, हवं तेवढं गाऊ दे त्यांना."

म्या सांगितलं तिला. मग चांगलं बोलली बिचारी, मनापासनं बोलली. आन मग म्हणली, "मग तुम्ही याल का काका? तुम्ही होतात ना सोबत."

"बाई, मी झीलकरी."

"म्हणजे?"

"म्हंजे कुणी म्हणलं तर त्याच्यामागं म्हणणारा."

तिला काय ते उमगलं न्हाय. शहरातली माणसं, त्यांचा काय दोष. तिनं हळूच इचारलं, "काका, गाऊ नका. पण मला तरी सांगा. ती निघते का पाण्यातून?"

शाळंच्या गेटपाशी उभा व्हतो मी, फोन कानाला. म्हाळ्या, त्या येळंला तुझ्या नावानं जी हाक मारली मनात, ती त्या सोनाईनंबी धन्याला मारली नसंल. तोंड उघडलं. जे येतं तेवढंच आलं.

"पाणी आलं तेरणंला..."

तिला वाटलं मी गायला लागलो. ती पुढच्या ओळीची वाट बघत फोनवर थांबली. मीबी थांबलो.